पॅरानॉइड : रिमास्टर आणि डिलक्स आवृत्त्या

ब्लॅक सॅबथ या बर्मिंगहॅमच्या बँडचा दुसरा अल्बम. इंग्लंडात १८ सप्टेंबर १९७० ला व्हर्टिगो लेबलवर आला, अमेरिकेत वॉर्नर ब्रदर्सनी जानेवारी १९७१ मध्ये काढला. हेवी मेटलचा पाया म्हणून जे दोन-चार अल्बम धरतात त्यात हा असतोच असतो. या नोंदीत मूळ अल्बमपेक्षा त्याच्या नंतर निघालेल्या वाढीव आवृत्त्यांचा विचार जास्त केलाय, म्हणजे २००९ ची तीन डिस्कची, २०१६ ची चार सीडींची आणि २०२० ची पाच रेकॉर्डची पेटी. गाणी कशी आहेत ते इथं सांगत बसत नाही, कोल्हापुरात ज्यानं मेटल ऐकायला घेतलं त्यानं 'आयर्न मॅन'चा रिफ, म्हणजे गिटारवर पुन्हा पुन्हा येणारा तुकडा, पहिल्याच आठवड्यात तोंडानं वाजवलेला असतो.

आधी शब्दांचा घोळ मिटवायला पाहिजे, कारण रिमास्टर आणि रिमिक्स हे दोन शब्द लोक सर्रास एकाच्या जागी दुसरा वापरतात. कोल्हापुरातल्या उद्यमनगरच्या, म्हणजे फाउंड्रीवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर मिक्स म्हणजे साच्यात ओतून निघालेलं कास्टिंग, ड्रम, बास, गिटार, आवाज सगळं वितळून एक झालेलं, आणि मास्टरिंग म्हणजे त्यावर केलेलं ग्राइंडिंग, फिनिशिंग. रिमास्टर करणारा माणूस तेच जुनं कास्टिंग परत घासतो, धार काढतो, फार तर एखादा खड्डा झाकतो. रिमिक्स म्हणजे मूळ धातू पुन्हा भट्टीत घालून नव्यानं ओतणं, त्यासाठी मल्टिट्रॅक टेप, म्हणजे प्रत्येक वाद्य सुटं नोंदलेली टेप, हाताशी लागते. आणि तिसरा प्रकार म्हणजे वाजवलेलंच बदलणं. याच बँडचा गायक ऑझी ऑझबर्न, त्याच्या पहिल्या दोन सोलो अल्बमच्या २००२ च्या आवृत्त्यांत मूळ बास आणि ड्रम काढून दुसऱ्या वादकांकडून नव्यानं वाजवून घेतले होते, ऐकणाऱ्यांनी ते कधीच स्वीकारलं नाही आणि २०११ मध्ये मूळ वादन परत आणावं लागलं. मेगाडेथ या दुसऱ्या मेटल बँडच्या २००४ च्या आवृत्त्यांवरही रिमास्टर असा शब्द असला तरी आत रिमिक्स आहे, काही ठिकाणी तर गायनसुद्धा नवीन. 'पॅरानॉइड'च्या बाबतीत असं काही झालेलं नाही, मूळ स्टीरिओ मिक्सला हात लागलेला नाही, ही याची मोठी जमेची बाजू.

मूळ रेकॉर्डिंग जून १९७० मध्ये लंडनच्या रीजंट साउंड आणि आयलंड या दोन स्टुडिओंत झालं, निर्माता रॉजर बेन. साधारण पाच-सहा दिवसांचंच काम होतं असं बहुतेक जण मानतात. शीर्षकगीत सगळ्यात शेवटी, जागा भरायला म्हणून बसवलं गेलं यावर चौघांचंही एकमत आहे, मात्र किती वेळात यावर नाही, कुणी पाच मिनिटं म्हणतं कुणी वीस-पंचवीस. पंचवीस मिनिटांचा आकडा जास्त पटतो, कारण रिफ सुचणं वेगळं आणि चौघांनी मिळून गाणं उभं करणं वेगळं. अल्बमचं नाव आधी 'वॉर पिग्ज' ठरलेलं, कव्हरवरचा ढाल-तलवारवाला माणूस त्या नावासाठी होता, म्हणून तो आजही त्या नावाशी जुळतो आणि 'पॅरानॉइड'शी काही केल्या जुळत नाही. नाव का बदललं याची दोन कारणं देतात, एक म्हणजे व्हिएतनाम युद्ध चालू असताना रेकॉर्ड कंपनी बिचकली, दुसरं म्हणजे 'पॅरानॉइड' हे सिंगल जोरात चाललं. दुसरं कारण साधं आहे आणि धंद्याच्या हिशेबाला धरून आहे, पहिलंही सोडून देण्यासारखं नाही.

गिटारवादक टोनी आयोमीच्या बोटांची गोष्ट प्रत्येक डिलक्स पुस्तिकेत येते, पण ती शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत काम केलेल्या माणसाला जशी कळते तशी दुसऱ्याला कळणं अवघड. सतरा वर्षांचा पोरगा, पत्र्याच्या कारखान्यातला शेवटचा दिवस, प्रेसवरचा माणूस आला नाही म्हणून याला मशीनवर उभं केलं, आणि उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायची बोटं तीच. त्यानं प्लॅस्टिकची बाटली वितळवून टोप्या केल्या, वर चामडं लावलं, हलक्या तारा बसवल्या. या अल्बममध्ये गिटार नेहमीच्याच ट्यूनिंगला आहे हे लक्षात ठेवायला पाहिजे, तारा सैल करून सूर खाली उतरवायची पद्धत पुढच्या अल्बमपासून आली. तरीही इथं गिटारचा आवाज इतका जड लागतो तो वाजवण्याच्या ढंगामुळं आणि बास गिटार रिफच्या अगदी खांद्याला खांदा लावून चालते म्हणून. चांगल्या रिमास्टरमध्ये गीझर बटलरचा बास गिटारपासून सुटा ऐकू येतो, वाईटात दोन्हीचा एकच गोळा होतो. रिमास्टर तपासायची माझी पहिली खूण हीच.

आता क्वाड मिक्स. १९७४ मध्ये वॉर्नर ब्रदर्सनी अमेरिकेत या अल्बमची क्वाड्राफोनिक आवृत्ती काढली, म्हणजे पुढं दोन आणि मागं दोन असे चार स्पीकर. हे मिक्स मल्टिट्रॅकवरून नव्यानं केलेलं, त्यामुळं ते खऱ्या अर्थानं रिमिक्स आहे आणि तेही मूळ अल्बमनंतर चारच वर्षांनी झालेलं. रेकॉर्डवर चार चॅनल बसवायला सीडी-४ नावाची जपानी पद्धत वापरत, यातला सीडी म्हणजे आपली चमकती तबकडी नव्हे, ती यायला अजून आठ वर्षं होती. या पद्धतीत पुढच्या-मागच्या चॅनलमधला फरक ३० किलोहर्ट्झच्या वाहक लहरीवर चढवून त्याच खाचेत कोरतात. माणसाच्या कानाची हद्द २० किलोहर्ट्झच्या आसपास संपते, म्हणजे खाचेत ऐकू न येणारी एक दुसरी वाट खोदलेली असायची, आणि ती वाचायला खास घडणीची सुई आणि वेगळा डीकोडर लागायचा. साधी सुई चार वेळा फिरली की ती वाट घासून जायची. महागडी यंत्रं, एकमेकांशी न जुळणाऱ्या तीन-चार पद्धती, यामुळं सत्तरीचं दशक संपता संपता क्वाड बाजारातून गेलं.

२००९ च्या आवृत्तीत हे मिक्स डीव्हीडीवर चारही चॅनलसकट दिलंय. २०१६ च्या पेटीत मात्र ते दोन चॅनलमध्ये दुमडून स्टीरिओ करून दिलंय. दुमडणं म्हणजे मागचे दोन चॅनल पुढच्या दोघांत मिसळायचे. त्यात वाद्यांची जागा जाते, जे मागून यायला पाहिजे ते समोर येऊन बसतं आणि पातळ्यांचा तोल सरकतो. ज्याच्याकडं चार स्पीकर नाहीत, म्हणजे जवळजवळ सगळेच, त्याला दुमडलेलं मिक्स हाच मार्ग आणि वेगळं मिक्स म्हणून ते ऐकण्यासारखं आहेच. पण क्वाड ऐकलं असं त्यावरून म्हणू नये. २००९ च्या तिसऱ्या डिस्कवर बहुतेक गाण्यांचे गायनाशिवायचे ट्रॅक आहेत, 'पॅरानॉइड' आणि 'प्लॅनेट कॅरव्हॅन'चे वेगळ्या शब्दांचे पाठ आहेत आणि 'रॅट सॅलड'चं निराळं मिक्स. पाठभेद ज्यांना महत्त्वाचे वाटतात त्यांनी ही आवृत्ती सोडू नये.

२०१६ च्या पेटीचं खरं मोल तिसऱ्या आणि चौथ्या सीडीत आहे. तिसरी स्वित्झर्लंडमधल्या माँत्रोच्या कार्यक्रमाची, ३१ ऑगस्ट १९७०, म्हणजे अल्बम बाजारात यायच्याही आधीची. चौथीबद्दल जरा सविस्तर लिहायला पाहिजे. हा कार्यक्रम चाहत्यांत कित्येक वर्षं 'पॅरिस १९७०' म्हणून फिरत होता. त्याचं चित्रीकरण होतं, चोरून काढलेल्या रेकॉर्ड, व्हिडिओ कॅसेट, मग डीव्हीडी, सगळ्यांवर पॅरिस, आणि तारीख डिसेंबर १९७०. बँड त्या डिसेंबरात पॅरिसला वाजवून गेला होता, त्यामुळं कुणाला शंका आली नाही. पुढं अभ्यासकांनी ताडून पाहिलं आणि हा कार्यक्रम ब्रसेल्सच्या तेआत्र १४० या छोट्या नाट्यगृहातला, ३ ऑक्टोबर १९७० चा आहे हे मत पुढं आलं. आता तेच बहुतेक मान्य झालंय आणि २०१६ च्या पेटीवरही ब्रसेल्स असंच छापलंय. जुन्या लेबलवर पॅरिस लिहिलेलं आजही दिसतं, ते चुकीचं धरावं.

फरक अडीच महिन्यांचा आणि एका शहराचा, एवढ्यानं काय होतं असं कुणी विचारेल. बरंच होतं. डिसेंबरचा कार्यक्रम धरला तर अल्बम गाजून गेल्यावरचा बँड, ऑक्टोबरचा धरला तर अल्बम येऊन दोनच आठवडे झालेत, गाणी लोकांना अजून पाठ नाहीत. ब्रसेल्सची सुरुवात 'पॅरानॉइड'नं होते, मग 'हँड ऑफ डूम', 'रॅट सॅलड', 'आयर्न मॅन', असे ओळीनं चार तुकडे नव्या अल्बमचे. नवीन माल आधी मांडायचा ही हिंमत त्या तारखेमुळं कळते. बिल वॉर्डचे ड्रमही मुद्दाम ऐकावेत, तो ठोकत नाही, झुलवतो, जॅझ ऐकून वाढलेला हात आहे, आणि स्टुडिओच्या टेपवर जे अर्धं दबलेलं वाटतं ते इथं उघडं पडतं.

आवाजाच्या पातळीचा वाद. डिजिटलमध्ये शून्य डेसिबल हे छत, त्याच्या वर जागा नाही. मग गाणं मोठं वाटावं म्हणून लिमिटर लावून उंच टोकं दाबायची आणि उरलेलं सगळं वर उचलायचं, हा प्रकार नव्वदीपासून वाढला. महाद्वार रोडला विसर्जन मिरवणुकीत डॉल्बीच्या भिंतीपुढं जो उभा राहिलाय त्याला हे शरीरानंच माहितीये, छाती हादरते पण ढोल कुठला आणि ताशा कुठला ते कळत नाही. 'वॉर पिग्ज'च्या सुरुवातीला भोंगा विरतो आणि मग गिटारच्या दोन घावांमध्ये नुसता हाय-हॅट, म्हणजे ड्रमसेटमधली झांजांची जोडी, चालू राहतो, त्या मोकळ्या जागेत सगळी भीती आहे. आवाज मोठा केलेल्या मास्टरमध्ये हाय-हॅट आणि घाव एकाच उंचीचे होतात आणि भीती संपते. २०१६ च्या पेटीतली पहिली सीडी २०१२ च्या रिमास्टरचीच आहे. तिच्यात तपशील स्वच्छ आहे, पण शांत बसून ऐकायला जुन्या रेकॉर्डवरून चांगल्या सुईनं घेतलेली प्रत मला जास्त जवळची वाटते. टेपची सूं सूं काढण्याबद्दलही हेच. अल्लादियाखाँसाहेबांच्या शिष्या केसरबाईंच्या ७८ च्या तबकड्या साफ करताना खरखर जास्त काढली की आवाजाचा काठही जातो, हे कोल्हापुरातल्या जुन्या गाणं ऐकणाऱ्यांना कुणी शिकवायला नको, मेटलवाल्यांनी त्यांच्याकडून ते घ्यावं.

कोल्हापुरात माझ्या पिढीनं हा अल्बम ऐकला तो कॅसेटवर, तोही कॅसेटवरून कॅसेटवर उतरवलेला. स्टुडिओत टेप सेकंदाला साधारण ३८ सेंटीमीटर पळते, कॅसेट पावणेपाच, म्हणजे आठवा हिस्सा, त्यात वरचे सूर आधीच कमी आणि प्रत्येक प्रतीगणिक अजून कमी. अल्बम जेमतेम ४२ मिनिटांचा, त्यामुळं ९० च्या कॅसेटची एक बाजू बरोबर भरायची आणि शेवटी तीनेक मिनिटं कोरी राहायची. राजारामपुरीतल्या एका मित्राच्या कॅसेटवर त्या कोऱ्या तीन मिनिटांत त्याच्या आईची हाक आली होती, जेवायला चल म्हणून, डेकचा माइक चुकून चालू राहिलेला. आम्हाला ती हाक 'फेअरीज वेअर बूट्स'चाच भाग वाटायला लागलेली. त्या कॅसेटवर 'प्लॅनेट कॅरव्हॅन' म्हणजे पाण्याखालचं काहीतरी होतं, बोंगो आहेत एवढंही कळायचं नाही. पुढं रिमास्टर हेडफोनवर लावली तेव्हा बोंगोवर बोट पडून उचललेलं कळलं, आणि ऑझीचा आवाज फिरत्या लेस्ली स्पीकरमधून काढलाय म्हणून तसा थरथरतो हेही. त्या रात्री ते एकच गाणं सहा-सात वेळा ऐकलं.

२०२० ची पेटी पन्नास वर्षं पूर्ण झाली म्हणून निघाली. आत २०१६ चाच मजकूर रेकॉर्डवर, म्हणजे मूळ अल्बम, दुमडलेलं क्वाड आणि माँत्रो-ब्रसेल्स, सोबत जाड पुठ्ठ्याचं पुस्तक, पोस्टर आणि जुन्या दौऱ्याच्या कार्यक्रमपुस्तिकेची प्रतिकृती. संगीत म्हणून नवीन काही नाही, ज्याच्याकडं २०१६ ची आहे त्याला ती घ्यायची गरज नाही. परदेशातून मागवली तर कस्टम आणि वजनाचं टपाल धरून हिशेब करावा, पाच रेकॉर्डचं वजन कमी नसतं.

५ जुलै २०२५ ला बर्मिंगहॅममध्ये व्हिला पार्कवर, म्हणजे चौघं जिथं वाढले त्या ॲस्टन भागातच, मूळ चौघांनी शेवटचं एकत्र वाजवलं. चार गाणी झाली, त्यातली 'वॉर पिग्ज', 'आयर्न मॅन' आणि 'पॅरानॉइड' ही तीन या अल्बममधली. २२ जुलैला ऑझी गेला.