कार्टून मालिकेतला कंटेंट सायन्स फिक्शन ऑनलाइन गेममध्ये आणणं

टीव्हीवरच्या ॲनिमेटेड मालिकेतली पात्रं, अंतराळयानं, परग्रहावरच्या प्रजाती, युनिफॉर्म, हत्यारं, कधीकधी अख्खं कथानकच उचलून आधीपासून चालू असलेल्या सायन्स फिक्शन ऑनलाइन गेममध्ये बसवणं, त्याबद्दल ही नोंद आहे. यातलं "आधीपासून चालू असलेल्या" हे महत्त्वाचं. मालिकेवरून कोरा करकरीत गेम काढणं ही वेगळी गोष्ट, आणि ज्या गेमचं साल ठरलंय, नकाशा ठरलाय, इंजिन जुनं झालंय, ज्यात लोक रोज लॉगिन करून आपापली शिप उडवतायत, अशा गेममध्ये पन्नास वर्षांपूर्वीचं कार्टून आणून बसवायचं ही वेगळी. दुसरं काम जास्त अवघड आणि माझ्या मते जास्त मजेशीर. यासाठी सगळ्यात चांगलं उदाहरण स्टार ट्रेक ऑनलाइनचं, म्हणून इथे बहुतेक सगळं त्याच्याच आधाराने सांगितलंय.

मूळ मालिका

स्टार ट्रेक ही अंतराळात फिरणाऱ्या एका यानाच्या क्रूची अमेरिकी मालिका, तिची पहिली मालिका १९६९ मध्ये बंद पडली आणि मग ८ सप्टेंबर १९७३ ला एनबीसी चॅनेलवर शनिवारी सकाळी, म्हणजे लहान मुलांच्या वेळेत, तिचंच पुढचं पान कार्टून म्हणून सुरू झालं. फिल्मेशन नावाच्या स्टुडिओने ते बनवलं, दोन सीझन मिळून २२ एपिसोड झाले आणि ऑक्टोबर १९७४ मध्ये संपलं. मूळ मालिकेच्या लेखिका डी. सी. फॉन्टाना यात होत्या, आवाज जवळजवळ सगळे मूळ नटांचेच होते, फक्त नेव्हिगेटर चेकॉव्हचं काम करणाऱ्या वॉल्टर कोनिगना बजेट नाही म्हणून घेतलं नाही (त्यांनी मग एक एपिसोड लिहून दिला, हेही भारीच). १९७५ मध्ये मालिकेला मुलांच्या मनोरंजनासाठीचा डेटाइम एमी मिळाला. लोक आज हसतात ते ॲनिमेशनवर, कारण पैसे वाचवायला तीच ती चित्रं परत परत वापरलेली दिसतात, कॅप्टन किर्क एकाच अँगलने वळतो, त्याचं एंटरप्राइझ यान एकाच बाजूने जातं. पण कल्पना मात्र मोकाट सुटलेल्या. सेटचा, मेकअपचा खर्च नाही म्हटल्यावर लेखकांनी पंखवाले, पाण्यातले, वनस्पतींसारखे, वाट्टेल तसे जीव लिहिले.

कार्टूनमध्ये स्वस्त ते गेममध्ये महाग

हाताने काढलेल्या चित्रात काय स्वस्त आणि थ्रीडी गेममध्ये काय स्वस्त याचा हिशोब जवळजवळ उलटा आहे, आणि या सगळ्या प्रकारातली खरी गोम इथेच आहे.

एक बेल्ट घ्या. मूळ मालिकेत बाहेर विषारी हवा असली की स्पेससूट लागायचा. कार्टूनमध्ये त्याऐवजी लाइफ सपोर्ट बेल्ट आणला, कमरेला पट्टा बांधला की माणसाभोवती पिवळसर हिरवट झळाळी येते आणि तो आरामात बाहेर फिरतो. वाचताना वाटतं काय भविष्यातलं डोकं लावलंय, पण कारण साधं होतं, सूट घातलेला किर्क नव्याने काढावा लागला असता, बेल्टमुळे जुनी चित्रं तशीच वापरून वर फक्त एक झळाळीचा थर द्यायचा. आता हेच गेममध्ये करायला जा. सूट म्हणजे एक मॉडेल, एकदा बनवलं की हजार प्लेयरांना घालता येतं, त्यात काही विशेष नाही. झळाळी मात्र अर्धपारदर्शक असते आणि अर्धपारदर्शक गोष्टी ग्राफिक्स कार्डाला जड जातात, कारण मागचं काय दिसतंय ते आधी काढून वर हा थर चढवावा लागतो. एकजण असेल तर काही नाही, पण एकाच ठिकाणी तीस चाळीस जण बेल्ट लावून नाचायला लागले (आणि ऑनलाइन गेममध्ये लोक नाचतातच, ते धरूनच चालायचं) की फ्रेमरेट (दर सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची संख्या) बसलाच म्हणून समजा.

दुसरं, लेफ्टनंट अरेक्स. एंटरप्राइझवर चेकॉव्हच्या जागी बसणारा, तीन हात आणि तीन पाय असलेला नेव्हिगेटर, आवाज इंजिनीअर स्कॉटीचं काम करणाऱ्या जेम्स डूहान यांचाच. कार्टूनमध्ये तो बराच वेळ टेबलामागे बसलेला असतो, तिसरा पाय कुणी बघितलाय. गेममध्ये कॅरॅक्टर उभा राहतो, पळतो, उडी मारतो, वाकून बंदूक झाडतो, आणि हे सगळं होतं ते आतल्या हाडांच्या सांगाड्यावर, ज्याला रिग म्हणतात. गेममधले सगळे कपडे, सगळ्या हालचाली दोन हात दोन पायांच्या रिगवर बसवलेल्या असतात. तिसरा पाय आला की चालायचं कसं इथपासून सुरुवात, आधी कुठला पाय टाकायचा, वळताना मधला कुठे जाईल, खुर्चीवर बसला तर तो कुठे ठेवायचा, दर युनिफॉर्मला तिसरी बाही शिवायची, बंदूक धरल्यावर उरलेला हात काय करेल. आणि टाळ्या वाजवायच्या असतील तर? तीन हातांनी टाळ्या कशा वाजवतात हे कुणीतरी बसून ठरवावं लागतं. एकाच मिशनमध्ये उभा राहून दोन वाक्यं बोलणारा अरेक्स बनवता येतो, पण प्लेयरला निवडता येईल अशी प्रजात म्हणून तो आणणं म्हणजे अर्धा गेम परत बनवणं.

याउलट एम्रेस. कार्टूनमधली मांजरासारखी कम्युनिकेशन ऑफिसर, आवाज मॅजेल बॅरेट यांचा. तिची प्रजात केटियन. दोन हात, दोन पाय, वर कान, शेपूट आणि अंगावर केस, म्हणजे रिग तीच, डोकं आणि टेक्श्चर (मॉडेलवर चढवलेलं चित्र) नवीन. त्यामुळे केटियन स्टार ट्रेक ऑनलाइनमध्ये प्लेयरला घेता येणारी प्रजात म्हणून आली आणि चांगलीच चालली.

आकाराचंही असंच. कार्टूनमध्ये एका एपिसोडला राक्षसाएवढा स्पॉक (किर्कचा टोकदार कानांचा सहकारी) आहे आणि दुसऱ्यात सगळा क्रू आकसत आकसत बोटाएवढा होतो. चित्रात फक्त छोटं मोठं काढायचं. गेममध्ये आकडा बदलला की मॉडेल मोठं होतं खरं, पण मग तो दारातून जात नाही, कॅमेरा त्याच्या पोटात शिरतो, जमिनीवर पाय घसरल्यासारखे दिसतात. पाण्याखालच्या एपिसोडबद्दल तर बोलायलाच नको, पोहण्याची हालचालच नसलेल्या गेममध्ये पाणी हे फक्त दिसायला असतं.

दिसायचं कसं

कार्टूनमधली गोष्ट गेममध्ये आली तर ती कार्टूनसारखी दिसावी का? दोन रस्ते आहेत. एक म्हणजे तिला "खरं" करून टाकायचं, म्हणजे सपाट रंगाच्या जागी कापडाचा पोत, केस, सावल्या, जणू ही मालिका खऱ्या नटांनीच केली असती तर कशी दिसली असती. दुसरा म्हणजे सेल शेडिंग, ज्यात उजेडाच्या हळूहळू बदलणाऱ्या छटा काढून दोन तीन पायऱ्याच ठेवतात आणि कडेने काळी रेघ मारतात, मग थ्रीडी मॉडेलही हाताने रंगवल्यासारखं वाटतं. काळी रेघ मारायची एक जुनी युक्ती म्हणजे तेच मॉडेल किंचित फुगवून, काळं करून, आतबाहेर उलटं करून मागे ठेवायचं, कडेने जेवढं डोकावतं तेवढी रेघ.

एकट्याने खेळायच्या गेममध्ये सेल शेडिंग झकास दिसतं. ऑनलाइनमध्ये भानगड अशी की कार्टूनी पात्राच्या शेजारी साध्या शेडिंगचा क्लिंगॉन (स्टार ट्रेकमधली लढवय्यी प्रजात) उभा असतो, त्याच्या शेजारी कुणीतरी बोर्ग (अर्धे यंत्र झालेले जीव), आणि सगळं चित्र कात्रणं चिकटवल्यासारखं होतं. म्हणून कार्टूनी रूप द्यायचंच असेल तर ते शिपपुरतं, एखाद्या वेगळ्या मिशनपुरतं किंवा होलोडेकपुरतं (यानातली खोटं जग उभं करणारी खोली) ठेवणं बरं, कारण होलोडेकमध्ये काहीही चालतं. आणि होलोडेकची कल्पना तरी कुठून आली, कार्टूनच्याच एका एपिसोडमध्ये क्रू एका खोलीत जाऊन खोटं जंगल आणि खोटा बर्फ अनुभवतो, नेक्स्ट जनरेशन या पुढच्या स्टार ट्रेक मालिकेच्या तेरा वर्षं आधी.

साल जुळवणं

स्टार ट्रेक ऑनलाइन क्रिप्टिक स्टुडिओजने बनवला, २ फेब्रुवारी २०१० ला सुरू झाला, जानेवारी २०१२ पासून फुकट खेळता येतो, २०१६ मध्ये कन्सोलवर गेला. गेमची कथा २४०९ पासून सुरू होते. कार्टून घडतं २२६९-७० च्या सुमारास. मधे १४० वर्षं, म्हणजे किर्कच्या क्रूमधलं कुणी सहज जाताजाता भेटणार नाही. मग मार्ग तेच नेहमीचे: टाइम ट्रॅव्हल, होलोडेक, नाहीतर "मी अमुक अमुकचा पणतू". यात टाइम ट्रॅव्हल सगळ्यात जास्त वापरला जातो. जुलै २०१६ मध्ये, स्टार ट्रेकच्या पन्नासाव्या वर्षी, एजंट्स ऑफ यस्टरडे हे एक्सपान्शन (गेममध्ये घातलेली मोठी भर) आलं आणि त्यात प्लेयरला २२७० मधला स्टारफ्लीटचा, म्हणजे किर्कच्याच ताफ्यातला, ऑफिसर म्हणून सुरुवात करता येते, रंगीत शर्ट, बटणं दाबली की टुकटुक आवाज, सगळं त्या काळातलं. म्हणजे बरोबर कार्टून जिथे संपतं तिथून. गंमत म्हणजे कार्टूनमध्ये नसलेला चेकॉव्ह या एक्सपान्शनमध्ये आहे आणि आवाज खुद्द वॉल्टर कोनिग यांचा, आणि स्कॉटीला आवाज दिलाय जेम्स डूहान यांच्या मुलाने, क्रिस डूहान यांनी.

हक्क आणि "धरायचं की नाही"

मालिकेचा परवाना मिळाला म्हणजे मालिकेतलं सगळं मिळालं असं नसतं. लॅरी निव्हन यांनी १९७३ मध्ये आपलीच एक जुनी कथा बदलून कार्टूनसाठी एपिसोड लिहून दिला आणि त्यातून क्झिंती नावाचे भांडखोर वाघोबा स्टार ट्रेकमध्ये आले (गुलाबी स्पेससूट घातलेले, हे एकदा बघितलं की विसरता येत नाही). पण क्झिंती हे निव्हन यांच्या स्वतःच्या कथाविश्वातले. मग गेमने काय केलं, तर क्लिंगॉन बाजूसाठी फेरासन नावाची केटियनांच्या भाऊबंदांची प्रजात काढली. नाव वेगळं, स्वभाव तोच, आणि बघणाऱ्याला काय समजायचं ते समजतं. ही मला पळवाट वाटत नाही, उलट नीट केलेलं काम वाटतं, कारण मांजर विरुद्ध मांजर हा झगडा दोन्ही बाजूंच्या प्लेयरांना खेळायला मिळाला.

दुसरा घोळ कॅननचा, म्हणजे अधिकृत कथेत काय धरायचं. १९८० च्या दशकाच्या शेवटी कार्टून मालिका अधिकृत धरायची नाही असं ठरलं होतं. तरी तिच्यातल्या गोष्टी झिरपतच राहिल्या. किर्कच्या नावातलं "टायबेरियस" पहिल्यांदा कार्टूनमध्येच ऐकू आलं, एंटरप्राइझचा पहिला कॅप्टन रॉबर्ट एप्रिलही पडद्यावर तिथेच आला, लहानपणीचा स्पॉक आणि त्याचा पाळीव सेहलाट (अस्वलासारखा प्राणी) असलेला एपिसोड तर आजही नावाजला जातो. २०२० मध्ये लोअर डेक्स ही नवी ॲनिमेटेड मालिका आली, तिच्यातली डॉक्टर टियाना केटियन आहे, म्हणजे जी प्रजात गेममध्ये कितीतरी वर्षं लोक खेळत होते ती परत पडद्यावर आली. गेमवाल्यांना या गोंधळाचा फायदाच होतो. गेम स्वतःच कॅनन नाही, त्यामुळे "हे धरायचं की नाही" हा प्रश्न त्यांना तेवढा अडवत नाही, फक्त हक्क सांभाळणाऱ्या कंपनीची मंजुरी लागते.

उलटा मार्ग: गेमच कार्टूनसारखा

क्लोन वॉर्स ॲडव्हेंचर्स हा स्टार वॉर्सच्या क्लोन वॉर्स या ॲनिमेटेड मालिकेवरचा, सोनी ऑनलाइन एंटरटेनमेंटचा गेम सप्टेंबर २०१० मध्ये आला. त्यात सगळा गेमच मालिकेच्या टोकदार, कोरीव लाकडासारख्या स्टाइलमध्ये बनवला होता, म्हणून वरचा कात्रणांचा प्रश्नच आला नाही. पण मग गेमचा जीव मालिकेत अडकतो. मालिका टीव्हीवरून २०१३ मध्ये गेली, गेम ३१ मार्च २०१४ ला बंद झाला.

विकायचं कसं

फुकट गेमला पैसे लागतात, त्यामुळे कार्टूनमधल्या शिपा आणि कपडे बऱ्याचदा दुकानात, इव्हेंटमध्ये किंवा लॉकबॉक्समध्ये येतात. इव्हेंटमध्ये रोज थोडं खेळून वस्तू मिळते, ते चांगलं. लॉकबॉक्स म्हणजे किल्ली विकत घेऊन पेटी उघडायची आणि नशिबात असेल ते घ्यायचं, यावर लोक चिडतात आणि बरोबरच चिडतात, २०१८ मध्ये बेल्जियमने अशा पैसे देऊन उघडायच्या पेट्या जुगारात मोडतात असं ठरवलं. लहान मुलांसाठी काढलेल्या मालिकेची आठवण जुगारासारख्या पेटीत घालून विकणं, हे कुणाला खटकलं तर त्यात नवल नाही.

परतीचा प्रवास

हा रस्ता एकतर्फी नाही. गेममधली एंटरप्राइझ-एफ ही चाहत्यांच्या डिझाइन स्पर्धेतून निघालेली शिप, ती २०२३ मध्ये पिकार्ड या स्टार ट्रेक मालिकेच्या तिसऱ्या सीझनमध्ये दिसली, आणि त्याआधीच्या सीझनमध्ये गेमवाल्यांनी बनवलेली आणखी काही यानं ताफ्यात उभी होती. तिथे मॉडेल टीव्हीसाठी परत नीट करावं लागतं, कारण गेममध्ये लांबून ठीक दिसणारी खिडकी मोठ्या पडद्यावर नुसता रंगाचा ठिपका असते.