एफएन ब्राउनिंग मॉडेल १९१०

कोटाच्या खिशात मावणारे, लहान कॅलिबरचे (नळीच्या आतल्या व्यासाचे) अर्धस्वयंचलित पिस्तूल. अमेरिकन शस्त्ररचनाकार जॉन मोझेस ब्राउनिंग (१८५५–१९२६) यांनी ते बेल्जियममधील लीएज शहराजवळच्या हेर्स्ताल येथील ‘फाब्रिक नास्योनाल’ (एफएन) या कारखान्यासाठी घडवले. लांबी सुमारे १५३ मिमी., नळी ८८ मिमी. आणि रिकाम्या पिस्तुलाचे वजन सुमारे ५९० ग्रॅम. ते ७.६५ मिमी. आणि ९ मिमी. शॉर्ट अशा दोन काडतुसांसाठी बनत असे. मॅगझिनमध्ये (मुठीत बसणाऱ्या काडतुसांच्या पेटीत) पहिल्या प्रकारची सात, तर दुसऱ्या प्रकारची सहा काडतुसे बसत. नळी बदलली की एकाच पिस्तुलातून दुसरे काडतूसही वापरता येई.

ब्राउनिंग आणि एफएन यांच्यात १८९७ साली करार झाला. त्यातून आलेल्या मॉडेल १९०० या पिस्तुलाने ७.६५ मिमी. काडतूस रूढ केले आणि फ्रेंच भाषेत तर ‘ब्राउनिंग’ हे आडनाव पिस्तुलाचे सामान्यनाम होऊन बसले. मात्र एक अडचण सुटत नव्हती. गोळी सुटल्यावर मागे गेलेल्या स्लाइडला, म्हणजे नळीवरच्या पुढेमागे सरकणाऱ्या धातूच्या आवरणाला, पुन्हा पुढे आणणारी स्प्रिंग ठेवायची कुठे? मॉडेल १९०० मध्ये ती नळीच्या वर होती, मॉडेल १९०३ मध्ये नळीच्या खाली. दोन्हीकडे तिच्यासाठी वेगळी पोकळी लागे आणि तेवढी पिस्तुलाची उंची वाढे. मॉडेल १९१० मध्ये ब्राउनिंग यांनी स्प्रिंग नळीभोवतीच गुंडाळली. आज हे इतके साधे वाटते की त्यात शोध काय, असा प्रश्न पडावा. पण १९२९ चे वाल्थर पीपी, त्याचे लहान भावंड पीपीके आणि सोव्हिएत सैन्याने १९५१ मध्ये स्वीकारलेले मकारोव्ह ही तिन्ही पिस्तुले याच मांडणीवर उभी आहेत.

या पिस्तुलात नळी आणि स्लाइड एकमेकांत अडकवणारे कुलूप नाही. नळी चौकटीत पक्की बसवलेली असते. काडतूस उडताच वायूचा दाब गोळीला पुढे आणि रिकाम्या कवचाला मागे ढकलतो. गोळी हलकी, स्लाइड जड. त्यामुळे स्लाइड पुरेशी मागे सरकेपर्यंत गोळी नळीबाहेर पडलेली असते आणि दाब ओसरलेला असतो. मागे जाताना स्लाइड रिकामे कवच बाहेर टाकते व परतताना मॅगझिनमधले नवे काडतूस नळीत सारते. प्रत्येक गोळीसाठी चाप मात्र नव्याने ओढावाच लागतो. ही रचना कमी दाबाच्या काडतुसांनाच मानवते. जोरदार काडतुसासाठी स्लाइड फार जड करावी लागली असती आणि खिशाचा हेतूच उरला नसता.

खिशाचा विचार बाकीच्या अंगांतही दिसतो. मागे उघडा घोडा नाही. त्याऐवजी स्लाइडच्या आत स्प्रिंगच्या जोरावर सुटून काडतूस उडवणारी ठोकणी आहे. नेम धरण्याच्या खुणा स्लाइडच्या माथ्यावरील खाचेत दडवलेल्या आहेत. कापडात अडकावे असे बाहेर जवळजवळ काही नाही. सुरक्षेच्या सोयी तीन: अंगठ्याने फिरवायचा खटका, मुठीच्या मागची दाबपट्टी आणि मॅगझिन काढल्यावर चाप निकामी करणारी योजना. पिस्तूल सुटे करताना नळीच्या तोंडाशी असलेली खडबडीत कडी दाबून फिरवली की स्प्रिंग मोकळी होते. ती हातातून निसटून उडण्याची शक्यता मोठी असते.

हे पिस्तूल रचनेपेक्षा एका खुनामुळे जास्त ओळखले जाते. २८ जून १९१४ रोजी बोस्नियातील सारायेव्होत गाव्रीलो प्रिन्सिप या सर्ब राष्ट्रवादी तरुणाने ऑस्ट्रियाचा युवराज फ्रान्झ फर्डिनांड आणि त्याची पत्नी सोफी यांना गोळ्या घातल्या, त्या ९ मिमी. कॅलिबरच्या मॉडेल १९१० मधून. त्याचा क्रमांक १९०७४. कटवाल्यांना अशी चार पिस्तुले मिळाली होती. अनेक ठिकाणी हे शस्त्र ७.६५ मिमी.चे मॉडेल १९०० होते असे लिहिलेले आढळते. ते चूक आहे. अनेक दशके जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाच्या ताब्यात राहिलेले हे पिस्तूल २००४ मध्ये व्हिएन्नाच्या लष्करी इतिहास संग्रहालयाला मिळाले. १९३२ मध्ये फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष पॉल दूमेर यांच्यावरही मॉडेल १९१० मधूनच गोळ्या झाडल्या गेल्या.

पहिल्या महायुद्धानंतर सर्ब, क्रोट व स्लोव्हेन यांच्या नव्या राज्याला (पुढचे युगोस्लाव्हिया) सैन्यासाठी जरा मोठे पिस्तूल हवे होते. एफएनने नळी ११३ मिमी. केली, मूठ लांबवली आणि स्लाइडला पुढे एक तुकडा जोडला. हेच मॉडेल १९२२. मे १९४० मध्ये जर्मनांनी कारखाना ताब्यात घेतला व आपल्या सैन्यासाठी या मॉडेलचे उत्पादन मोठ्या प्रमाणावर चालू ठेवले.

मूळ मॉडेलला खरा धक्का बसला तो अमेरिकेच्या १९६८ च्या बंदूक नियंत्रण कायद्याने. लहान आकाराच्या पिस्तुलांची आयात त्याने अडवली. त्या अटींत बसवण्यासाठी एफएनने लांब नळी, उठावदार नेमखुणा आणि मॅगझिनच्या तळाशी बोट टेकवायला जागा असलेली आवृत्ती काढली. जे अडकू नये म्हणून ब्राउनिंग यांनी काढून टाकले होते, ते सारे परत आले. मॉडेलचे उत्पादन १९८३ मध्ये थांबले.