डिटॉक्स झालं, पुढे काय? अफूजन्य व्यसनावरच्या उपचारांची पार्श्वभूमी

अफूपासून बनणारं हेरॉइन अचानक बंद केलं की काही तासांतच जांभया सुरू होतात. मग नाका-डोळ्यांतून पाणी वाहतं, अंगावर काटा येतो, पोटात मुरडा उठतो, पाय एका जागी ठरत नाहीत. साधारण आठवड्याभरात हे ओसरतं आणि शरीर नशेच्या पदार्थापासून मोकळं होतं; यालाच डिटॉक्स म्हणतात. शरीर मोकळं झालं म्हणजे माणूस सुटला, या समजुतीपायी उपचारांची कित्येक दशकं वाया गेली.

मॉर्फिनच्या व्यसनावर उतारा म्हणून १८८४ मध्ये सिग्मंड फ्रॉइडने मित्राला कोकेन दिलं. त्याला कोकेनचंही व्यसन जडलं. १८९८ मध्ये बायर या जर्मन कंपनीने खोकल्याचं औषध म्हणून विकायला काढलेलं हेरॉइनही आधी निर्धोक मानलं गेलं. अमेरिकेत लेक्सिंग्टनला १९३५ मध्ये व्यसनी कैद्यांसाठी आणि स्वेच्छेने येणाऱ्यांसाठी मोठं सरकारी रुग्णालय उघडलं. तिथून बाहेर पडलेले बहुतेक जण पुन्हा नशेकडे वळले.

तिथेच काम केलेल्या मानसोपचारतज्ज्ञ मेरी निस्वांडर यांनी १९६४ मध्ये न्यूयॉर्कला व्हिन्सेंट डोल यांच्यासोबत वेगळी वाट धरली. मॉर्फिनवर ठेवलेले त्यांचे रुग्ण पुढच्या इंजेक्शनची वाट बघत बसून राहायचे. मेथाडोन या मॉर्फिनसारख्याच कृत्रिम औषधावर आणल्यावर एक जण चित्रं काढू लागला, दुसरा राहिलेलं शिक्षण पुरं करायचं म्हणू लागला. मेथाडोन तोंडावाटे घेता येतं, मेंदूत हळूहळू चढतं आणि दिवसभर टिकतं; त्यामुळे नशेची लाटही येत नाही आणि तडफडही होत नाही. याला ‘एक व्यसन सोडवून दुसरं लावणं’ म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. मधुमेह्याच्या इन्सुलिनला आपण व्यसन म्हणत नाही.

पुढे ब्युप्रेनॉर्फिन आलं. हेरॉइन, मेथाडोन मेंदूतल्या ज्या ग्राहींना (पेशींवरच्या ठरावीक जागांना) चिकटतात, त्यांनाच ते चिकटतं, पण अर्धवटच चेतवतं. डोस वाढवला तरी श्वास मंदावण्याला एका टप्प्यावर मर्यादा पडते. फ्रान्सने १९९५ पासून साध्या फॅमिली डॉक्टरांनाही ते लिहून देण्याची मुभा दिली आणि १९९९ पर्यंत तिथले ओव्हरडोसचे मृत्यू सुमारे ७९ टक्क्यांनी घटले. २००५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ही दोन्ही औषधं अत्यावश्यक यादीत घेतली.

तरी झटपट सुटकेचा मोह सुटला नाही. भूल देऊन काही तासांत डिटॉक्स करण्याची टूम निघाली. २००५ च्या अमेरिकी चाचणीत तिचा जादा फायदा दिसला नाही, गंभीर गुंतागुंती मात्र झाल्या. शिवाय डिटॉक्सनंतर शरीराची सहनशक्ती उतरलेली असते. पूर्वी पचणारा डोस मग श्वास थांबवतो. म्हणूनच अशा रुग्णाला घरी पाठवताना ओव्हरडोसचा परिणाम उतरवणारं नॅलोक्सोन हे औषध सोबत द्यावं आणि ते कसं वापरायचं हे घरच्यांना शिकवावं, असा आग्रह आता धरला जातो.