इराणी चित्रांतला ड्रॅगन शुभ मानला जातो का?

‘इराणी चित्रांतला ड्रॅगन चीनमधून आला, म्हणून तोही शुभचिन्हच’ असा मजकूर वर्षानुवर्षे फिरतो आहे. त्यातले अर्धे खरे आहे. तेराव्या शतकातील मंगोल स्वाऱ्यांनंतर इराणी चित्रकारांनी ही चिनी घडण उचलली, आणि वायव्य इराणमधील तख्त-ए-सुलेमान येथील १२७०च्या दशकातील मंगोल राजवाड्याच्या टाइल्सवर ती राजवैभवाची खूण म्हणून दिसतेही. कथाचित्रांत मात्र अर्थ जुनाच राहिला: वीराने मारायचा राक्षस. ड्रॅगनसाठीचा फारसी ‘अझदहा’ हा शब्द अवेस्ता या पारशी धर्मग्रंथातील ‘अझी दहाक’ या तीन तोंडांच्या सर्परूपी राक्षसापासून आला असून, त्यातील ‘अझी’ म्हणजे आपल्या संस्कृत ‘अहि’चा (साप) सख्खा भाऊ. पडताळायचे असल्यास ‘शाहनामा’ या फारसी महाकाव्याच्या हस्तलिखितांतील वीर रुस्तमचे ड्रॅगनशी लढतानाचे चित्र निरखून पाहावे: ड्रॅगनचे अंग चिनी वळणाचे, पण त्यावर रुस्तमची तलवार उगारलेली असते आणि त्याचा घोडा रख्श त्या अझदहाचा लचका तोडत असतो.