पापनिवेदन म्हणजे पाप करण्याची मुभा नव्हे

ख्रिस्ती माणसाने हवे ते करावे, फादरांसमोर ते कबूल करावे (यालाच पापनिवेदन म्हणतात), की देव सगळे माफ करतो, हा समज नागपुरात, अगदी सदर भागातल्या कॅथेड्रलच्या आसपासही, वर्षानुवर्षे ऐकू येतो. कॅथलिक शिकवण तसे सांगत नाही. मनापासून पश्चात्ताप आणि ते पाप टाळण्याचा निर्धार नसेल, तर धर्मगुरूने उच्चारलेली क्षमाही निष्फळ ठरते. आणि क्षमा मिळाली तरी दुसऱ्याचे झालेले नुकसान आपोआप भरून निघत नसल्यामुळे, चोरलेला ऐवज शक्य तेथे परत करणे, केलेली बदनामी निस्तरणे आणि नेमून दिलेले प्रायश्चित्त पार पाडणे ही जबाबदारी कबुली देणाऱ्याच्याच शिरावर राहते. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात येशू मुख्य जकातदार जक्कयकडे उतरायचे स्वतःहून ठरवतो, तेव्हा जक्कयने एक पैही परत केलेली नसते. दया आधी येते, आणि मग जक्कयच उभा राहून अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याचे व लुबाडलेल्यांना चौपट फेडण्याचे जाहीर करतो. बहुतेक प्रोटेस्टंट मंडळ्यांत तर धर्मगुरूपुढे कबुली देण्याचे बंधनच नाही, त्यामुळे हा आक्षेप सरसकट सगळ्या ख्रिस्ती लोकांवर घेणे तसेही गैरलागू आहे.