फळमाशीची झोप व तिचे मापन

फळमाशीची झोप व तिचे मापन : ड्रोसोफिला मेलॅनोगास्टर ही माशी केव्हा, किती वेळ व किती गाढ झोपते हे तिच्या हालचालींवरून ठरवण्याची प्रयोगशाळेतील पद्धत.

नावाचा घोटाळा आधी दूर करायला हवा. नाशिकच्या बागायतदाराची फळमाशी म्हणजे आंबा, पेरू, कारले यांना डंख मारून आत अंडी घालणारी बॅक्ट्रोसेरा. आंब्याच्या बागेत मिथाइल युजेनॉल या माशीला ओढणाऱ्या द्रव्याचे सापळे टांगतात ते तिच्यासाठी. तिचे कुळच वेगळे. येथे अभिप्रेत आहे ते चिलट : द्राक्षाच्या हंगामात फुटलेल्या मण्यांवर, वायनरीबाहेर पडलेल्या चोथ्यावर, घरात पिकून काळ्या पडलेल्या केळ्यांवर घिरट्या घालणारे, जेमतेम अडीच-तीन मिलिमीटरचे, लाल डोळ्यांचे. अशा थव्यात ड्रोसोफिलाच्या अनेक जाती मिसळलेल्या असतात. मेलॅनोगास्टर ही त्यांतली प्रयोगशाळेची जात.

माशीला पापण्या नसतात. मग स्वस्थ बसलेली माशी झोपली आहे की नुसती थांबली आहे, हे कसे ओळखायचे? या विषयातला खरा प्रश्न हाच, आणि २००० साली अमेरिकेतील दोन संशोधक गटांनी स्वतंत्रपणे त्याचे उत्तर दिले. बराच वेळ निश्चल असलेल्या माशीला उठवायला जास्त जोराचा धक्का लागतो. धक्का लागताच ती लगेच सावध होते, म्हणजे ही गुंगी किंवा बेशुद्धी नव्हे. रात्रभर जागवले तर ती दुसऱ्या दिवशी जास्त विश्रांती घेऊन ती उणीव भरून काढते. आणि कॅफीन दिले तर जागी राहते. सलग पाच मिनिटे निश्चल राहिलेल्या माशीची जाग येण्याची पातळी स्पष्टपणे वाढलेली आढळते. म्हणून ‘पाच मिनिटे किंवा अधिक निश्चलता म्हणजे झोप’ हा नियम रूढ झाला.

मापनाचे उपकरण साधे आहे. सुमारे ६५ मिलिमीटर लांबीच्या बारीक काचनळीत एका टोकाला साखर व अगार (समुद्रशैवालापासूनचा जेलीसारखा घट्ट होणारा पदार्थ) यांचे खाद्य घालतात, दुसऱ्या टोकाला कापसाचा बोळा. प्रत्येक नळीत एकच माशी. नळीच्या मध्यावर अवरक्त किरण आडवा जातो. तो माशीला दिसत नाही. ती किरण ओलांडते तेव्हा एक नोंद होते, आणि संगणक दर मिनिटाच्या नोंदी साठवतो. एका यंत्रात अशा ३२ नळ्या बसतात. सलग पाच शून्ये आली की झोप सुरू झाली असे धरतात. माशी नळीत घालण्यासाठी तिला गुंगी द्यावी लागते, त्यामुळे पहिल्या दिवसाची नोंद सहसा हिशेबात घेत नाहीत. अखेरीस कायमची निश्चल झालेली माशी मेलेली असू शकते; तिला गाढ झोपलेली समजण्याची चूक नवशिक्याकडून हमखास होते.

एकूण झोपेचे तास हा आकडा एकटा फारसे काही सांगत नाही. झोपेचे तुकडे किती, प्रत्येक तुकडा किती लांब, दिवा मालवल्यावर झोप लागायला किती वेळ गेला, हे पाहावे लागते. जागेपणी दर मिनिटाला माशी किती फिरते हेही तपासावे. नाहीतर आजारी, मंदावलेली माशी ‘झोपाळू’ ठरते.

किरण एकच असल्याचा दोषही मोठा आहे. खाद्यापाशीच चरणारी, पंख साफ करणारी माशी मध्याकडे येतच नाही, आणि यंत्र तिला झोपलेली समजते. त्यामुळे झोप जास्त मोजली जाते. अनेक किरणांची यंत्रे व कॅमेऱ्याने माग काढणाऱ्या पद्धती याच कारणाने आल्या. दोन प्रयोगांतील आकडे ताडून पाहताना उपकरण कोणते होते हे आधी विचारले पाहिजे.

बारा तास उजेड व बारा तास अंधार दिला तर माशी सकाळी व संध्याकाळी धावपळ करते, रात्री झोपते आणि दुपारी वामकुक्षी घेते. नराची वामकुक्षी लांब असते. मीलनानंतर मादीची दिवसाची झोप घटते. नराच्या वीर्यातील एका पेप्टाइडचा, म्हणजे छोट्या प्रथिनासारख्या रेणूचा, तो परिणाम. म्हणून माद्या कुमारी होत्या की मीलन झालेल्या, याची नोंद अत्यावश्यक ठरते.

तापमानही तितकेच महत्त्वाचे. प्रयोग साधारणपणे २५ अंश सेल्सिअसला करतात. उष्म्यात माशीची दिवसाची झोप वाढते, रात्रीची घटते. हिवाळ्यात निफाडचा पारा एक आकडी होतो आणि एप्रिल-मेमध्ये नाशिक परिसर चाळिशीच्या आसपास तापतो; अशा ठिकाणी उघड्या खोलीत घेतलेली नोंद माशीपेक्षा हवामानाबद्दलच जास्त सांगेल. स्थिर तापमानाची पेटी, आणि वीज गेल्यावर तिचा दिवा चालू ठेवणारा इन्व्हर्टर, यांवर केलेला खर्च किरणयंत्रावरील खर्चाइतकाच मोलाचा आहे.

या मापनामुळे झोपेची जनुके हाती लागली. शेकर या जनुकातील दोषामुळे अत्यल्प झोपेवर भागवणाऱ्या माशा २००५ मध्ये सापडल्या. शरीराची दिवस-रात्रीची लय राखणाऱ्या जैविक घड्याळाचे पीरियड हे जनुक कोनोप्का व बेंझर यांनी १९७१ मध्येच दाखवले होते. त्याच वाटेवरील कामासाठी हॉल, रॉसबॅश व यंग यांना २०१७ चे नोबेल मिळाले. घड्याळ बिघडलेली माशीही जागरणाची भरपाई करते, म्हणजे झोपेची वेळ आणि झोपेची गरज या दोन निराळ्या गोष्टी आहेत. भारतात बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रात या क्षेत्रात मोलाचे काम झाले आहे.

महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र प्रयोगशाळेत यंत्राविनाही सुरुवात करता येते. काचनळी, साखर-अगार, मंद लाल दिवा (लाल उजेड माशीला फारसा जाणवत नाही) आणि स्टँडवर लावलेला मोबाइल एवढे पुरते. दर मिनिटाला हालचाल टिपावी. मग एक मिनिट थांबलेल्या माशीच्या नळीवर बोटाने हलकेच टिचकी मारावी, आणि दहा मिनिटे निश्चल असलेल्या माशीच्या नळीवर तशीच टिचकी. पहिली बहुधा चटकन हलते. दुसरीसाठी टिचकीचा जोर वाढवावा लागतो.