कामाच्या ठिकाणची मद्य व अमली पदार्थ चाचणी (अमेरिका)

कर्मचारी वा उमेदवार यांच्या शरीरात मद्याचा किंवा बंदी असलेल्या अमली पदार्थांचा अंश आहे का, हे नियोक्त्याने ठरावीक पद्धतीने तपासण्याची व्यवस्था. अमेरिकेतील बहुतेक खाजगी कंपन्यांवर अशी चाचणी घेण्याची सक्ती नाही. ट्रक, बस, रेल्वे, विमान, जहाज, पाइपलाइन अशा क्षेत्रांतील सुरक्षेशी थेट संबंध असलेल्या कामांसाठी मात्र ती केंद्रीय नियमांनी बंधनकारक आहे.

या नियमांची सुरुवात तत्कालीन राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांच्या 15 सप्टेंबर 1986 च्या आदेशाने झाली. त्याने केंद्र सरकारची कार्यालये अमली पदार्थमुक्त ठेवण्याचे धोरण घालून दिले. 1988 च्या कायद्याने सरकारी कंत्राटे व अनुदाने घेणाऱ्या संस्थांवर लेखी धोरणाचे आणि जनजागृतीचे बंधन आले. कामाच्या ठिकाणच्या अमली पदार्थविषयक गुन्ह्यात शिक्षा झालेल्या कर्मचाऱ्याने ते 5 दिवसांत कळवायचे आणि संस्थेने पुढे 10 दिवसांत सरकारला, अशी त्यात तरतूद आहे. चाचणी घ्याच, असे हा कायदा कुठेही म्हणत नाही. अनेक नियोक्ते तसे धरून चालतात, एवढेच. सक्ती आली ती अपघातांमुळे. 4 जानेवारी 1987 रोजी मेरीलँडमधील चेस येथे रेल्वेची टक्कर होऊन 16 जण दगावले. मालगाडीच्या इंजिनांवरील दोघांनी गांजा ओढल्याचे निष्पन्न झाले. ऑगस्ट 1991 मध्ये न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेचा मोटरमन दारूच्या नशेत होता, त्या अपघातात 5 जण गेले. त्याच वर्षी संसदेने वाहतूक कर्मचाऱ्यांच्या चाचणीचा कायदा केला.

चाचणीचे प्रसंग नियमांनी ठरवून दिले आहेत: कामावर घेण्यापूर्वी, अपघातानंतर, संशयाला सबळ कारण असल्यास, अचानक निवड झाल्यावर आणि उल्लंघनानंतर परत कामावर येताना. अचानक निवड संगणकाने, प्रत्येकाला सारखी संधी मिळेल अशा रीतीने करावी लागते. साहेबाच्या मनात कोण आहे, याला तिथे जागा नाही. निवड झाल्याचे सांगितले की कर्मचाऱ्याने लगेच निघायचे. ट्रक क्षेत्रात संशयावरून चाचणीला पाठवणाऱ्या सुपरवायझरचे आधी मद्याबाबत 60 आणि अमली पदार्थांबाबत 60 मिनिटांचे प्रशिक्षण झालेले असावे लागते. अपघातानंतर मद्याची चाचणी 8 तासांत व अमली पदार्थांची 32 तासांत झाली नाही, तर प्रयत्न थांबवून कारण लिहून ठेवायचे. मद्याच्या बाबतीत 2 तास उलटले तरीही उशिराचा खुलासा नोंदवावा लागतो.

नियमांचा सर्वांत बारीक भाग लघवीचा नमुना घेण्याविषयी आहे, आणि तक्रारीही बहुधा तिथेच उद्भवतात. कर्मचारी खिसे रिकामे करतो, हात धुतो. शौचकुंडातल्या पाण्यात निळा रंग टाकलेला असतो, म्हणजे ते पाणी नमुन्यात मिसळता येऊ नये. बाटली हातात आल्यापासून 4 मिनिटांच्या आत नमुना घेणारा तिचे तापमान पाहतो. ते 32 ते 38 अंश सेल्सिअसच्या दरम्यान हवे. 45 मिलीलिटर नमुन्याचे कर्मचाऱ्यासमोर 30 आणि 15 असे दोन भाग होतात, बाटल्या सीलबंद होतात आणि सीलवर कर्मचारी आद्याक्षरे करतो. लघवी होतच नसेल तर 3 तासांपर्यंत थांबता येते, त्या वेळात सुमारे 1.2 लिटरपर्यंत पाणी दिले जाते. वैद्यकीय कारणाशिवाय तरीही नमुना मिळाला नाही, तर तो नकार धरला जातो, आणि नकाराचे परिणाम पॉझिटिव्ह निकालासारखेच असतात.

प्रयोगशाळेत पहिली चाळणी स्वस्त व जलद असते. तीत अडकलेल्या नमुन्याची खात्री मास स्पेक्ट्रोमेट्रीने, म्हणजे रेणूंच्या वस्तुमानावरून पदार्थ ओळखणाऱ्या पद्धतीने, करतात. गांजासाठी लघवीतील चाळणीची मर्यादा मिलीलिटरला 50 नॅनोग्रॅम, तर खात्रीची 15 आहे. ऑक्सिकोडोनसारखी वेदनाशामके 2018 पासून यादीत आली. ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवर घेणारे लोक पुष्कळ आहेत. निकाल थेट कंपनीकडे जात नाही. आधी स्वतंत्र वैद्यकीय परीक्षक कर्मचाऱ्याशी बोलतो आणि औषधाचे कारण पडताळतो. निकाल कळल्यापासून 72 तासांत कर्मचारी दुसरी बाटली वेगळ्या प्रयोगशाळेत तपासायला लावू शकतो.

मद्याची चाचणी बहुधा श्वासावर होते. 0.02 किंवा अधिक पातळी (210 लिटर श्वासामागे मद्याचे ग्रॅम) आली तर किमान 15 मिनिटे थांबून दुसरी चाचणी घेतात, कारण तोंडात राहिलेल्या मद्याने आकडा फुगतो. 0.04 म्हणजे उल्लंघन. हा आकडा त्या क्षणाची अवस्था सांगतो. लघवीतील गांजाचा अंश तसे काही सांगत नाही. नियमित ओढणाऱ्याच्या लघवीत तो आठवडे टिकतो. पॉझिटिव्ह म्हणजे नशेत, असा अर्थ लावणारा नियोक्ता विज्ञानाच्या पुढे जातो.

पॉझिटिव्ह निकालानंतर कर्मचाऱ्याला सुरक्षेच्या कामावरून तत्काळ दूर करणे बंधनकारक आहे. नोकरीवर ठेवायचे की नाही, हे कंपनीचे धोरण ठरवते. परतायचे तर पात्र तज्ज्ञाकडून मूल्यमापन, उपचार, निगराणीखालची चाचणी आणि पहिल्या 12 महिन्यांत किमान 6 अचानक चाचण्या. ट्रकचालकांची उल्लंघने 6 जानेवारी 2020 पासून केंद्रीय नोंदकोशात जातात आणि चालक घेण्याआधी कंपनीला तो पाहावाच लागतो. नमुने घेणारी एजन्सी बाहेरची असली तरी तिच्या चुकांना जबाबदार कंपनीच.

राज्यांचे कायदे मात्र वेगळ्या दिशेने चालले आहेत. कॅलिफोर्नियात 1 जानेवारी 2024 पासून, कामाच्या वेळेबाहेर ओढलेल्या गांजाचे नशा न आणणारे अवशेष सापडले म्हणून बहुतेक नोकऱ्यांत कारवाई करता येत नाही. केंद्रीय नियमांखालच्या चालकाला ही सवलत नाही. डॉक्टरांनी सुचवलेला गांजाही केंद्रीय चाचणीत सबब म्हणून चालत नाही. म्हणून एकाच कंपनीच्या गोदामातल्या कर्मचाऱ्याला आणि ट्रकचालकाला दोन निराळे नियम लागू होतात. त्यांच्या चाचण्याही वेगळ्या ठेवाव्या लागतात, आणि गोदामातल्या चाचणीसाठी केंद्रीय छापील फॉर्म वापरणे हेच नियमभंग ठरते.